तोट्यातलं बंद करा

मास्तरांचा आवाज मोठा होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात त्या आवाजाचाही वाटा आहे. शाळेत ते कवायत शिकवायचे. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्यांनी "सावधान" म्हटलं की त्या टोकाची पोरं तर ताठ व्हायचीच, पण रस्त्याने सायकलवरून जाणारा माणूसही उगाच पाठ सरळ करायचा. नोकरी संपली तरी आवाज काही निवृत्त झाला नाही. घर दोन खोल्यांचं, माणसं दोन आणि आवाज मैदानाचा. बाई म्हणायच्या, "अहो, मी इथेच आहे. पलीकडच्या इमारतीत नाही."

बाई म्हणजे मास्तरांची बायको. त्या घरात शिवणाचा वर्ग चालवायच्या, म्हणून गल्लीत सगळे त्यांना शिवणबाई म्हणत, आणि घाईत नुसतंच बाई. मास्तर ओरडून जे काम करून घ्यायचे ते बाई एका टोमण्यात करून घ्यायच्या. पोरी त्यांना मास्तरांपेक्षा जास्त घाबरत.

या बाईंना नसांचा आजार जडला. आधी बोटांतून सुई निसटायला लागली. मग जिन्यावर पाय उचलेना. एकदा तर मशीनवर बसल्या बसल्या पायाने साथच सोडली, आणि खाली पाय आहे की लाकूड हे त्यांना वाकून बघावं लागलं. डॉक्टरांनी तपासण्यांवर तपासण्या केल्या आणि शेवटी सांगितलं, की हा आजार बरा होणारा नाही, पण थोपवून धरता येणारा आहे. दर महिन्याला एक इंजेक्शन. ते घेतलं की बाई चालणार, शिवणार, टोमणे मारणार. चुकलं की हातपाय हळूहळू जाणार, आणि गेलेलं परत येईलच असं नाही. सगळं त्या एका इंजेक्शनवर येऊन ठेपलं होतं.

महिना सरत आला की बाईंना सुईत दोरा ओवता यायचा नाही. मग त्या काही न बोलता सुई मास्तरांपुढे धरायच्या. मास्तर चष्मा लावून, जीभ दातांत धरून दोरा ओवायचे, आणि बर्फाचा डबा पिशवीत टाकून केमिस्टकडे निघायचे. इंजेक्शन थंड ठेवावं लागतं ना, म्हणून डबा.

इंजेक्शन एकच कंपनी बनवायची, आणि दरवर्षी त्याचा भाव चढायचा. का म्हणून विचारलं तर केमिस्ट खांदे उडवायचा. एकटीच बनवते म्हटल्यावर तिला कारण कशाला लागतंय? मास्तर चडफडायचे, पैसे द्यायचे आणि डबा घेऊन घरी यायचे.

आता यात जावईबापू शिरले. जावईबापूंचा धंदा शेअरबाजाराचा. माणूस लाघवी, बोलणं गोड, आणि फोन हाताला चिकटलेला. जेवतानासुद्धा डावा हात फोनवर. एकदा घरी आले असताना सासऱ्यांची भावावरची चडफड त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "बाबा, त्यात रागवायचं काय? ज्या कंपनीला तुम्ही दर महिन्याला पैसे मोजता, तिचेच शेअर घ्या ना. इंजेक्शन महागलं की कंपनीला नफा, नफा झाला की शेअर वर. या हाताने द्या, त्या हाताने घ्या."

मास्तरांना ते फारच पटलं. हिशोब चोख, आणि कोणापुढे हात पसरायला नको.

"आणि इंजेक्शन स्वस्त झालं तर?" बाईंनी आतून विचारलं.

"आई, औषध कधी स्वस्त झालेलं बघितलंय का तुम्ही?" जावईबापू हसले. "यात भीती एकच असते, सरकारची. सरकार शिंकलं की औषधांच्या शेअरना ताप येतो. पण या आजाराकडे सरकारचं कशाला लक्ष जाईल? असतो किती जणांना?"

नोकरीतून सुटताना हातात आलेली एकरकमी पुंजी होती, तिच्यातला मोठा हिस्सा मास्तरांनी त्या एका कंपनीत घातला. जावईबापूंनी थोडं इकडे, थोडं तिकडे असं सुचवून बघितलं. पण मास्तर म्हणाले, "तिकडच्या कंपन्यांशी माझा काय संबंध? हिच्याशी निदान ओळख तरी आहे."

तेव्हापासून मास्तरांची सकाळ बदलली. बाजार उघडला की आधी फोन. शेअर वर गेला की मिशीत हसू, खाली आला की चहा कडू. बाई बघायच्या. उभ्या जन्मात आपल्याकडे इतक्या आतुरतेने न बघितलेला हा माणूस फोनकडे असा बघतो म्हटल्यावर त्यांनी शेअरला नावच ठेवलं, सवत.

"काय म्हणतेय माझी सवत?" त्या रोज विचारायच्या.

"जरा नरम आहे."

"काळजी घ्या तिची. मी काय, उभीच आहे."

आणि दिवस खरोखर बरे गेले. इंजेक्शनचा भाव चढला की मास्तर नवरा म्हणून कपाळाला हात लावायचे आणि भागधारक म्हणून तोच हात चोळायचे. बाई विचारायच्या, "आत्ता माझ्यासमोर कोण बसलंय, नवरा की शेअरवाला?" मास्तर ओशाळून हसायचे. पण आतून त्यांना फार बरं वाटायचं. बायकोच्या औषधाची आयुष्यभराची सोय आपण डोकं चालवून केली, याचं समाधान होतं ते. खोटं कशाला बोला, थोडी ऐटही होती.

मग सरकार शिंकलं.

झालं असं, की या आजाराच्या लोकांनी मिळून एक संघटना काढली. चाकाच्या खुर्च्या घेऊन ते आरोग्यमंत्र्यांच्या कचेरीसमोर बसले, टीव्हीवर आले. मंत्र्यांनी जाहीर केलं, की जगण्यासाठी लागणाऱ्या औषधावर कोणाची मनमानी चालू देणार नाही. इंजेक्शन अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं आणि सरकारने त्याचा भाव बांधून दिला. पूर्वीच्या एक तृतीयांशही नाही.

बाईंनी बातमी टीव्हीवर ऐकली आणि हातातलं माप सोडून त्या उठल्या. उगाच दोन खोल्यांतून एक फेरी मारली. "अहो, ऐकलंत का? तिप्पट स्वस्त. म्हणजे आता मी तुम्हाला परवडते." केमिस्टने दुकानातून फोन करून अभिनंदन केलं. शेजारीण काहीतरी गोड घेऊन आली. बाईंनी त्याच दिवशी ठरवलं, की आजारपणात बंद केलेला संध्याकाळचा वर्ग पुन्हा सुरू करायचा.

आणि मास्तर? मास्तर न्हाणीघरात दार लावून फोन बघत बसले होते. शेअर पायऱ्या उतरत नव्हता, गच्चीवरून पडत होता. अरे माणसा, ते स्वतःशीच म्हणाले, बायकोचं औषध स्वस्त झालं आणि तू तोंड पाडून बसतोस? लाज नाही वाटत? वाटत होती. लाज वाटत होती आणि फोनवरची नजरही हटत नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कोणाकडे करायची? बाहेर येऊन त्यांनी गोड तोंडात टाकलं, पण चव कळली नाही.

जावईबापू म्हणाले, "बाबा, विकून मोकळे व्हा. सरकारने भाव बांधला की नफा आटतो, नफा आटला की लोक शेअर फेकून देतात. यात कोणाचं कोणाशी वैर नसतं."

"वैर नसताना एवढं मारतात?"

"आता निघालात तर निम्मे तरी हातात येतील."

पण मास्तर निघाले नाहीत. रांग मोडून पळायचं नाही, हे जन्मभर पोरांना शिकवलेलं अंगवळणी पडलं होतं. शिवाय मनात एक हिशोब होता. इंजेक्शन स्वस्त झालंय, ते काही पळून जात नाही. शेअर आज ना उद्या सुधारेल. धीर धरला तर दोन्ही बाजूंनी आपलंच भलं. इतका सरळ विचार होता तो, त्यात लबाडी अशी कुठेच नव्हती.

काही महिन्यांनी कंपनीची वार्षिक सभा आली, आणि मास्तर ठरवून गेले. भागधारक म्हणजे मालकच की, मालकाने जाऊन चार शब्द सुनवायला नकोत? इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, बूट चकचकीत.

सभा भाड्याच्या हॉलमध्ये होती. निळ्या खुर्च्यांच्या रांगा, कागदी कपातला चहा, बिस्किटं. दारातच प्रत्येकाच्या हातात एक पिशवी देत होते. पिशवीत कंपनीचे साबण. कारण मधल्या काळात या औषधवाल्यांना साबण काढायची हुक्की आली होती, आणि तो साबण कोणी घेत नव्हतं. म्हाताऱ्या भागधारकांना त्याचं काही नव्हतं. बरेचसे पिशवीसाठीच आलेले. एक आजोबा तर पुन्हा रांगेत उभे राहून दुसरी पिशवी मिळवून आले आणि गाढ झोपले.

व्यासपीठावर अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आवाज मऊ, चेहरा दुःखी. म्हणाले, वर्ष कठीण गेलं. सरकारने भाव बांधल्यामुळे ताण आलाय. साबणाच्या कारखान्यानेही अजून मूळ धरलेलं नाही. सगळे पर्याय खुले आहेत. भागधारकांनी मार्गदर्शन करावं.

मास्तर उठले. एक मुलगी माइक घेऊन धावत आली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांच्या डोक्यात साबण होता. औषधवाल्यांनी औषध करावं, साबणाच्या नादी लागून पैसा का घालवावा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण मांडीवरची साबणाची पिशवी आत्ता त्यांच्या हातात होती. फुकटचा साबण घ्यायचा आणि त्याच साबणाला भर सभेत नावं ठेवायची? खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस. त्यांना ते बरं दिसेना. म्हणून त्यांनी साबणाचं नाव गाळलं आणि नियमच सांगितला.

"मी कवायतीचा मास्तर," ते म्हणाले, आणि झोपलेले आजोबा दचकून उठले. "रांग कोण बिघडवतो हे मी कधी बघितलं नाही. मुख्याध्यापकांचा मुलगा असला तरी बाहेर काढला. कंपनीचंही तसंच. जे तोट्यात आहे ते बंद करा. मग ते कुठलंही असो. लाड नकोत, दयामाया नको. आमच्या कष्टाचा पैसा आहे."

टाळ्या पडल्या. अशा पडल्या की मास्तरांना शाळेचा वार्षिक दिवस आठवला. अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि म्हणाले, "ज्येष्ठ भागधारकांची ही भावना आम्ही लक्षात ठेवू."

आता तुम्ही म्हणाल, मास्तरांना एवढंही कळलं नाही? भाव बांधलेलं औषध तोट्यात जाणार हे काय कोणी वेगळं सांगायला हवं? पण त्यांच्या मनाला तो विचार शिवलाच नाही. औषधाची कंपनी औषध बंद करील, हे त्यांच्या बुद्धीत बसणारंच नव्हतं. शाळा कधी शिकवणं बंद करते का?

घरी येऊन त्यांनी अख्खं भाषण बाईंना पुन्हा करून दाखवलं. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. भाषण संपल्यावर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग पिशवीतला साबण नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "याला वास दवाखान्याचा आहे. बरं झालं बोललात." तो साबण पुढे कितीतरी दिवस मोरीत होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी फोन वाजला. जावईबापू. "बाबा, बघितलंत का?"

मास्तरांनी बघितलं. शेअर उसळला होता. पडला होता तिथून उठून, जुनी उंची ओलांडून आणखी वर. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"कंपनीने तोट्यातला एक विभाग बंद केलाय," जावईबापू म्हणाले. "बाजाराला फार आवडलंय."

"साबण," मास्तर बाईंकडे वळून म्हणाले. "बंद केला. माझं ऐकलं."

बाईंनी विचारलं, "म्हणजे सवत बरी झाली?"

"बरी? धावतेय."

त्या दिवशी मास्तरांना काय करू आणि काय नको असं झालं होतं. तडक बाजारात जाऊन त्यांनी बाईंसाठी मोटरवर चालणारं शिलाई मशीन आणलं. नुसता बोटाने दाब दिला की चालणारं, सुईवर दिवा असलेलं. बाई रागावल्यासारखं करत होत्या आणि मशीनवरून हात फिरवत होत्या. इतकं आनंदात ते घर पुष्कळ दिवसांत नव्हतं. म्हणून पुढचं सांगायला जिवावर येतं.

महिना सरत आला. बाईंनी सुई पुढे धरली. मास्तरांनी दोरा ओवला, डबा बर्फाने भरला आणि शीळ वाजवत केमिस्टकडे गेले.

केमिस्टने त्यांना बघून गिऱ्हाईक बाजूला केलं. "मास्तर, आलं नाही."

"उद्या येतो मग."

"उद्याही नाही येणार. मी चार दिवस सगळीकडे फोन लावतोय. कंपनीने इंजेक्शन बंद केलंय." मग तो जरा चाचरत म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही त्यांचे शेअरवाले."

"बंद साबण केलाय," मास्तर म्हणाले.

केमिस्टने मागच्या फळीकडे हात दाखवला. तिथे साबण होते. नव्या वेष्टनात, एकावर दोन फ्री.

मास्तर दुकानाच्या पायरीवर बसले आणि तिथूनच त्यांनी जावयाला फोन लावला. म्हणाले, काय बंद केलंय ते वाचून दाखवा. जावईबापूंनी आकडा वाचला होता, मजकूर नव्हता वाचला. आता ते वाचायला लागले, आणि त्यांचा गोड आवाज मध्येच अडखळला. कंपनीने म्हटलं होतं, की बांधून दिलेल्या भावात हे इंजेक्शन बनवणं परवडत नसल्यामुळे ते कायमचं थांबवण्यात येत आहे. वार्षिक सभेत ज्येष्ठ भागधारकांनी व्यक्त केलेल्या भावनेचा आदर राखून हा निर्णय घेतला आहे.

"बाबा? बाबा, ऐकताय ना?"

मास्तर ऐकत होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून कितीदा वाचलं असेल. दांडा आपणच असू हे कोणाच्या मनात येतं? ते घरी आले तोवर डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं.

पुढचे दिवस नुसते धावण्यात गेले. डॉक्टर म्हणाले, याच्या जागी चालणारं दुसरं औषध इथे मिळत नाही. बाहेरून मागवायचं तर सरकारची परवानगी लागते. अर्ज करू, पण तोवर काय, ते मला विचारू नका.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मास्तरांना ठाऊक होतं, तरी ते आरोग्य खात्याच्या कचेरीत जाऊन बसले. तिथला अधिकारी खरं म्हणजे भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तेच मास्तरांना जास्त लागलं. दुष्ट माणूस भेटला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

"भाव बांधणं आमच्या हातात आहे," अधिकारी म्हणाला. "कंपनीला बनवायला लावणं नाही."

"मग भाव सोडून द्या. घेऊ द्या त्यांना काय घ्यायचं ते. मी देतो. आता माझ्याकडे आहेत."

"तुम्ही म्हणताय भाव वाढवा, आणि रुग्णांच्याच मागणीवरून तो उतरवला होता. मी कोणाचं ऐकू?" त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. "समिती बसणार आहे."

"कधी?"

"ते समिती ठरवेल."

कंपनीच्या कचेरीत तर त्यांचं स्वागतच झालं. काचेचं दार, गार हवा, चहा. सभेत माइक घेऊन धावलेली मुलगी तिथेच होती. तिने ओळखलं आणि मनापासून हसली. एक साहेब बाहेर आले आणि मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं भाषण आम्ही अजून विसरलो नाही."

"साहेब, मी साबणाबद्दल बोललो होतो."

"साबणाचा वर्षभरात जम बसेल. त्याच्यावर सरकारचं बंधन नाही ना."

"मी माझे शब्द परत घेतो. माझ्या घरात ते इंजेक्शन लागतं."

साहेबांचा चेहरा क्षणभर खरंच उतरला. "मास्तर, शब्द तुमचे होते हे खरं. पण तुम्ही बोलला नसतात तरी हेच झालं असतं. हजारो भागधारक आहेत, त्यांना आम्ही काय सांगू? आणि तुमचंही भलंच झालंय. शेअर बघा."

मास्तरांनी तोंड उघडलं. मैदानाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं काहीतरी त्यांना बोलायचं होतं. पण कोणाला बोलणार? समोरचा माणूस नम्र होता, खात्यातला अधिकारी भला होता, जावई बिचारा दिवसातून तीनदा फोन करून माफी मागत होता. सगळे चांगले, आणि औषध नाही. त्यांनी चहाचा कप हळूच बशीत ठेवला आणि ते निघून आले.

बाईंना त्यांनी कसं सांगितलं ते विचारू नका. आधी खूप वेळ आडवळणानेच बोलत राहिले. डॉक्टर काय म्हणाले, समिती बसणार आहे, परवानगीचा अर्ज गेलाय. बाई कापडाची घडी घालत होत्या. बोटं धड दुमडत नव्हती, घडी वाकडी होत होती.

"मला केमिस्टने सांगितलं," त्या मध्येच म्हणाल्या. "चौकशीला फोन केला होता त्याने. तुमच्या भाषणाचंही सांगितलं. पेपरात आलंय म्हणे."

मास्तरांनी घडीचं दुसरं टोक धरलं.

"तुम्ही साबणाला म्हणत होतात, मला माहीत आहे. हातात पिशवी होती म्हणून नाव घेतलं नाहीत." बाईंनी घडी पुन्हा उलगडली. "जन्मात एकदा कोणाची भीड ठेवलीत, तीही साबणाची."

मास्तर रडले. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाचं रडणं मात्र अजिबात ऐकू आलं नाही.

त्यानंतर जे होणार होतं ते होत गेलं. संध्याकाळचा वर्ग बंद झाला. मग सकाळचा. एक एक पोरगी आपलं अर्धवट कापड घेऊन गेली. जिना सुटला, मग मोरीपर्यंतचं चालणं भिंत धरून, मग मास्तरांचा खांदा धरून. मास्तरांनी शेअर विकायला काढले होते, पण विकून करायचं काय? केमिस्ट म्हणाला होता तेच खरं. मास्तर, पैशांचा प्रश्नच नाही, माल नाही. पैसा जेव्हा लागत होता तेव्हा पुरवून पुरवून वापरला, आणि आता पडून होता. परवानगीच्या अर्जावर उत्तर आलं की अर्ज विचाराधीन आहे. मास्तर रोज सकाळी फोन बघायचे, पण आता शेअरसाठी नाही, डॉक्टरांचा निरोप आला का ते बघायला. तरी तो आकडा वरती दिसायचाच. तो रोज थोडा थोडा चढत होता.

परवा सकाळी बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. नवं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. कपाळावर ऊन येत होतं, पण खुर्ची सरकवता येत नव्हती आणि त्या मास्तरांना हाक मारत नव्हत्या. मास्तरांनी ते बघितलं, उठून खुर्ची सरकवली. मग त्यांच्या मांडीवरची सुई उचलली, चष्मा लावला, जीभ दातांत धरून दोरा ओवला आणि सुई त्यांच्या बोटांत दिली. सुई निसटून फरशीवर पडली. मास्तरांनी वाकून शोधली, पुन्हा दिली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती बाईंच्या पदरालाच टोचून ठेवली.

फोनमध्ये टिंग झालं. मास्तरांनी बघितलं आणि फोन पालथा घातला.

"काय म्हणतेय माझी सवत?" बाईंनी विचारलं. कितीतरी दिवसांनी.

मास्तरांना खोटं बोलता येईना. "वर गेलीय."

बाई पदराला टोचलेल्या सुईकडे बघत होत्या. मग हसल्या, पूर्वी हसायच्या तशाच.

"असू दे," त्या म्हणाल्या. "दोघींपैकी एक तरी उभी राहिली."

मास्तर त्यांच्या पायाशी खाली बसले. बाईंचे पाय गार पडले होते, ते त्यांनी मांडीवर घेतले आणि चोळत राहिले.